गेटच्या पेटीतला पिवळा जम्पर

या ग्रुपवर भुताखेतांचे अनुभव लिहिणाऱ्यांची मी आजवर मनसोक्त टिंगल केली आहे, हे आधीच कबूल करतो. माझ्या जुन्या कमेंट्स शोधल्यात तर सापडतील... "वायरिंग चेक करा", "अर्थिंग नसेल", "रात्री जेवण जड झालं असेल". कुणाचा पंखा आपोआप फिरला की माझा पहिला प्रश्न ठरलेला — रेग्युलेटर कुठल्या कंपनीचा? बऱ्याच जणांनी मला ब्लॉक केलं असेल आणि त्यांचं काही चुकलं नाही.

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. बोईसरच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात बावीस वर्षं काढली. तो बंद झाल्यापासून गेटच्या मोटरी, व्हिडिओ डोअरफोन, असली कामं स्वतंत्रपणे करतो. पालघरपासून डहाणूपर्यंत स्कूटरवर फिरतो. मीटर दाखवेल ते खरं, बाकी सगळं गप्पा, या तत्त्वावर आयुष्य चाललं होतं. या मार्च महिन्यापर्यंत.

चिंचणीहून वाणगावकडे जाताना रस्त्याच्या आत एक चिकूची वाडी आहे. वाडीत पाच-सहा वर्षांपूर्वीचा स्लॅबचा बंगला. तिथे नलूताई राहतात, वय पंच्याहत्तरच्या पुढे. मुलगा पराग पुण्याला नोकरीला. नलूताईंना पार्किन्सन्स आहे, म्हणजे हात थरथरतात आणि चालताना पाय मधेच अडकतात. सोबतीला दिवसभर मंगल नावाची बाई असते, ती संध्याकाळी सहा-साडेसहाला घरी जाते. बंगल्याला सरकतं लोखंडी गेट, त्याला मोटर आधीपासूनच होती, रिमोटवर चालायची. परागला ती फोनवर हवी होती. डॉक्टर आले, सिलेंडरवाला आला तर पुण्यात बसून गेट उघडायचं आणि ते उघडं राहिलं तर बंदही करायचं. वाडीत मोकाट गुरं शिरतात आणि चिकूचा बहर खातात, ती एक कटकट होतीच.

काम अगदी सोपं. स्मार्ट कंट्रोलर म्हणजे काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी. तिच्यातून दोन वायरी मोटरच्या बोर्डावर न्यायच्या, जिथे भिंतीवरच्या बटणाच्या वायरी असतात तिथेच. गेट उघडं की बंद हे कळायला एक चुंबकाचा सेन्सर. घरातल्या वायफायला जोडलं की झालं. दीड तासात उरकलं. परागने पुण्यातून बटण दाबलं, इकडे गेट सरकलं, मंगलने तोंडाला पदर लावला आणि नलूताई हसल्या. खूप दिवसांनी हसल्या म्हणे.

त्याच संध्याकाळी मी एक गोष्ट पाहिली. साडेपाचच्या सुमाराला नलूताई रोज गल्ली ओलांडून समोरच्या घरी जावेकडे चहाला जातात. वॉकर घेऊन निघाल्या, गेटपर्यंत ठीक गेल्या आणि गेटची जमिनीतली लोखंडी पट्टी आली तशा थबकल्या. पाय उचलेना. पार्किन्सन्सच्या माणसाचं असंच होतं म्हणे, उंबरा किंवा जमिनीवरची रेघ आली की पाय जमिनीला चिकटतात. अर्धा मिनिट त्या तशाच उभ्या. मग मंगलने आपलं पाऊल त्यांच्या पुढे आडवं ठेवलं.

"आई, माज्या पायावरून टाका," ती म्हणाली, आणि त्यांनी टाकलं.

मला म्हणाली, "पट्टीवर रोजच चिकटतात, भाऊ. कदी कदी लय वेळ."

हे मी डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा, कारण मला ते लक्षात ठेवता आलं नाही.

सरकत्या गेटला फोटोसेल असतो. एका खांबावरून न दिसणारा किरण निघतो, समोरच्या खांबावरचा डोळा तो पकडतो. मधे कुणी आलं, किरण तुटला, तर बंद होणारं गेट थांबतं आणि मागे जातं. या गेटचा डोळा पूर्वेच्या खांबावर होता, पश्चिमेकडे तोंड करून. मार्चमध्ये साडेपाचचं ऊन सरळ त्याच्यात घुसायचं आणि तो आंधळा व्हायचा. आंधळा झाला की बोर्डाला वाटतं समोर कुणीतरी उभं आहे. गेट बंदच होत नाही. रिमोटच्या काळात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आता मात्र परागच्या फोनवर रोज संध्याकाळी नोटिफिकेशन यायला लागलं — गेट उघडं आहे. तो पुण्यातून बटण दाबायचा, गेट ढिम्म. मग मला फोन. एका संध्याकाळी चार फोन. शेवटी म्हणाला, काका, तुम्ही लावल्यापासून बिघडलंय.

हे मला झोंबलं. माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं, हा जुना रोग आहे. उन्हाची टोपी असलेला नवा फोटोसेल वसईहून मागवला होता, तो यायला चार-पाच दिवस लागणार होते. तोवर म्हणून सोमवारी गेलो, मोटरची पेटी उघडली, फोटोसेलची वायर सोडवून बाजूला केली आणि त्या दोन टर्मिनलमध्ये वायरचा एक तुकडा टाकून दिला. यालाच आम्ही जम्पर म्हणतो. जम्पर टाकला की बोर्डाला वाटतं किरण सलग आहे, रस्ता मोकळा आहे. कुणी उभं असो वा नसो.

मनाची समजूतही तयार होती. गेट कशाला धडकलं तर मोटर आपोआप मागे घेते. फक्त पट्टीत वाळू साचायची म्हणून मोटरचा जोर मीच वाढवून ठेवला होता, म्हणजे चांगलं दाबल्याशिवाय ते मागे फिरणार नव्हतं. तो विचार मी केला नाही.

मंगळवारी संध्याकाळी परागचा फोन — काका, गेट परत बंद होत नाहीये.

बुधवारी सकाळी गेलो. पेटीला कुलूप होतं, किल्ली माझ्या जुडग्यात. उघडली तर जम्पर नाही. फोटोसेलच्या वायरी जागच्या जागी, स्क्रू घट्ट. आणि माझा वायरचा तुकडा पेटीच्या तळाशी, बोटाला गुंडाळून काढतात तशी छोटी कडी केलेला.

मंगलला विचारलं, माळ्याला विचारलं. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढे विचारवेना. मग वाटलं, मीच काढला असेल. हसू नका, असं होतं. हात सवयीने काम करतात, डोकं दुसरीकडे असतं. आणि काढलेला जम्पर बोटाला गुंडाळून त्याची कडी करायची सवय मलाही आहे. ती मला लावली जयवंतदादाने.

आता जयवंतदादाबद्दल सांगायलाच हवं.

जयवंत तांडेल, दातिवऱ्याचा. घरची होडी, पण हा शिकून कारखान्यात लागला आणि आमच्या शिफ्टचा सुपरवायझर झाला. मला मीटर धरायला त्याने शिकवलं. डावखुरा होता, स्क्रूड्रायव्हर डाव्या हातात असा चालवायचा की बघत राहावं. कारखान्यात बायपासचं एक रजिस्टर होतं. कुठलाही सेफ्टी स्विच तात्पुरता जम्पर केला की त्यात लिहायचं, यंत्रावर लाल चिठ्ठी लावायची, आणि ज्याने टाकला त्यानेच काढायचा. तो म्हणायचा, "जम्पर टाकून घरी जाऊ नको, बाबू. यंत्राला नाय कलत, पन तुला कलतं."

एकदा मी गेलो. चौदा वर्षं झाली. सेंट्रिफ्यूजच्या, म्हणजे गरगर फिरवून माल सुकवणाऱ्या यंत्राच्या, झाकणाचा स्विच सारखा त्रास देत होता, बॅच अडकली होती, सेकंड शिफ्ट संपत आली होती. मी जम्पर टाकला. रजिस्टरमध्ये उद्या लिहू म्हटलं, चिठ्ठी तर लावलीच नाही. नाइटला देवराम नावाचा हेल्पर होता, डोंगराकडच्या पाड्यावरून यायचा. झाकण उघडलं म्हणजे आतलं थांबलं असणार, अशा भरवशावर त्याने हात घातला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशी झाली. जम्पर कुणी टाकला? मी मूग गिळून बसलो. नवीन लग्न होतं, भाड्याची खोली होती, कारणं हवी तेवढी होती. जयवंतदादाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि साहेबांना सांगितलं, माझी शिफ्ट, माझी चूक. त्याला काढलं. परत गावी जाऊन भावाच्या होडीवर जायला लागला. मला नंतर कितीदा तरी पालघरच्या बाजारात भेटला, दर वेळी घरच्यांची चौकशी केली, त्या गोष्टीचा शब्द काढला नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. गेल्या पावसाळ्यात हार्ट अटॅकने गेला. मी अंत्ययात्रेला गेलो आणि मागच्या रांगेतून परत आलो.

तर बुधवारी ती कडी हातात घेऊन मला त्याची आठवण आली आणि मी ती झटकून टाकली. शहाणपणाचा ताठा होता ना. या वेळी पिवळी वायर घेतली, म्हणजे गफलत नको. पिवळा जम्पर टाकला, स्क्रू आवळले, मोबाइलवर फोटो काढला. पेटी बंद करून झाकणाच्या फटीला चारी बाजूंनी सिलिकॉन मारलं, कुलपाच्या भोकावर लाल रंगाचा ठिपका दिला. कॅलिब्रेशन झाल्यावर आम्ही कारखान्यात द्यायचो तसा. आता कुणी हात लावला तर कळणारच होतं.

गुरुवारी मी बोईसरला एका सोसायटीत काम करत होतो. पावणेसहाला मंगलचा फोन आला.  म्हणाली, भाऊ, तुमी या.

मी पोचलो तेव्हा नलूताई व्हरांड्यात बसल्या होत्या, जाऊबाई त्यांना पाणी पाजत होती. गेट पूर्ण उघडं. मंगलने सांगितलं ते असं — साडेपाचला दोघी निघाल्या. पट्टीवर नलूताईंचे पाय चिकटले. मंगल पाऊल आडवं ठेवणार तेवढ्यात घरात दूध उतू गेल्याचा वास आला, म्हणून ती धावत आत गेली. आई तर वॉकर धरून उभ्याच होत्या, पडणार नव्हत्या. ती परत बाहेर आली तर गेट चालू झालेलं. पराग पुण्यात, त्याच्या फोनवर आलं की गेट उघडं आहे, त्याने बटण दाबलं. त्याच्या फोनला गेट दिसतं, गेटमधली आई दिसत नाही.

"मी वरडले पन नाय," मंगल म्हणाली. "नुसती धावले. गेट आईंच्या छातीपाशी आलं, असं येक वीतभर... आनि थांबलं. मंग मागं गेलं."

 जम्पर असताना ते गेट थांबायला नको होतं. धडकून मागे गेलं असतं तर एक वेळ समजलं असतं, पण धडकलंच नव्हतं. वीतभर आधी थांबलं होतं.

पेटीपाशी गेलो. सिलिकॉन चारी बाजूंनी सलग. लाल ठिपका जसाच्या तसा, कडेला बोटाचा ठसासुद्धा नाही. कटरने सिलिकॉन कापलं, ठिपका खरवडला, कुलूप उघडलं. पिवळा जम्पर टर्मिनलमध्ये नव्हता. फोटोसेलच्या वायरी बसवलेल्या, आवळलेल्या. बोर्डाच्या डिस्प्लेवर गेट थांबण्याचं शेवटचं कारण होतं — फोटोसेल. धक्का नाही.

मी तिथेच मातीत बसलो आणि ॲप उघडलं. ॲपमध्ये परागच्या कमांडची वेळ होती, पुढची नोंद बोर्डाच्या डिस्प्लेवर. परागची बंद करायची कमांड आली, गेट निघालं, आणि बरोबर अकरा सेकंदांनी अडथळा दिसून परत फिरलं. आता हे नीट वाचा, मी शंभरदा वाचलंय. नलूताई आधीपासून पट्टीवर उभ्या होत्या, म्हणजे किरण आधीपासून तुटलेला होता. फोटोसेल जोडलेला असता तर गेट जागचं हललंच नसतं. ते निघालं, म्हणजे तेव्हा जम्पर होता. ते थांबलं, म्हणजे तेव्हा जम्पर नव्हता. एक स्क्रू सैल करून जम्पर सुटेल असं क्षणभर धरू. पण वायरी परत बसवणं, दोन्ही स्क्रू आवळणं... चालत्या गेटमध्ये, अकरा सेकंदांत, बंद पेटीच्या आत?

पिवळी वायर पेटीच्या तळाशी होती. कडी केलेली, टोक आत खोचलेलं. मी उजव्या हाताने गुंडाळतो. गुंडाळलेल्या वायरीचा पीळ स्क्रूच्या आट्यासारखा असतो, उलटा धरा नाहीतर सुलटा, त्याची दिशा बदलत नाही. हा पीळ डावखुऱ्या माणसाचा होता.

मी रडलो. पन्नाशीचा माणूस, कुणाच्या तरी वाडीत, गेटच्या मोटरीपाशी बसून. मंगलला वाटलं आईंसाठी रडतोय. तसंही होतंच.

परागला मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. की मी सेफ्टी काढून ठेवली होती, तुला विचारलं नाही, सांगितलं नाही. पेटीचं सांगितलं नाही. 

"काका, मी मीटिंगमध्ये होतो," तो म्हणाला. "नोटिफिकेशन आलं म्हणून नुसता अंगठा लावला."

त्यानंतर त्याने मला काम दिलं नाही आणि मी मागितलंही नाही. नवा फोटोसेल आणि मोटरचा नवा बोर्ड मात्र बसवून दिला. कंट्रोलरच्या दोन वायरी काढून टाकल्या, आता गेट पुन्हा रिमोटवर चालतं आणि रिमोट मंगलच्या कमरेला असतो. जुना बोर्ड घरी आणून आठवडाभर टेबलावर चालवून पाहिला. जम्पर टाकून हादरे दिले, तापवला, व्होल्टेज खालीवर केलं. स्क्रू एकदाही सैल झाला नाही. माझ्याकडे मीटर आहेत, बोर्डाचा डायग्राम आहे, इतक्या वर्षांचा अनुभव आहे, आणि यावर सांगायला एक शब्द नाही. कुणाला जमलं तर सांगा, मी टिंगल करणार नाही.

पण दुसरी एक गोष्ट होती, तिला स्पष्टीकरणाची गरज नव्हती. ती फक्त सांगायची राहिली होती. एका रविवारी सकाळी वाणगाववरून पूर्वेला डोंगराकडे निघालो आणि विचारत विचारत देवरामच्या पाड्यावर पोचलो. तो अंगणात कुंपणाच्या काठ्या बांधत होता, डाव्या हाताने दोरी ओढायचा आणि उजव्याच्या उरलेल्या दोन बोटांत धरायचा. मला ओळखायला त्याला वेळ लागला. ओळखल्यावर खाट पुढे केली.

मी पाठ केल्यासारखं एका दमात सांगून टाकलं. तो जम्पर माझा होता. जयवंतदादाचा नव्हता. चौकशीत मी गप्प बसलो.

देवरामने दोरीची गाठ पुरी मारली.

"तांडेल साहेब दर दिवालीला येत," तो म्हणाला. "हितंच बसत. दर साली सांगत, देवराम, माजी चूक हाय. आनि तुमी सांगता तुमची. मंग मी कोनाचं खरं धरू?"

"माझं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. मग विचारलं, की यंदा दिवाळीला साहेब आले नाहीत, त्याने वाट बघितली, बरे आहेत ना? त्याला कुणी कळवलंच नव्हतं. ते सांगायचंही माझ्यावरच आलं.

त्याने हातातली दोरी काठ्यांवर ठेवून दिली. आत त्याच्या बायकोने चुलीवर चहा ठेवला होता, धूर बाहेर येत होता.

"ते होते तवा का नाय आलात?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. "त्यांच्या म्होरं सांगायचं होतं."

गेटचं त्याला सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? मलाच अजून कळलेलं नाही.

"उशीर झाला," एवढंच म्हणालो.

"झाला," देवराम म्हणाला, आणि चहा घ्यायला आत गेला.